लिनक्सवर चालणारा उपग्रह दूरदर्शन संग्राहक : रचना, फेरबदल व दोषनिवारण

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनाचा एक वर्षाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार व ओरिसा या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसविण्यात आले होते. त्या संचांतील दोष बहुधा तारेत, जाळीच्या अँटेनात अथवा विजेच्या पुरवठ्यात असे. तंत्रज्ञ गावी येई, निकामी भाग काढून नवा बसवी आणि संच पुन्हा चालू होई.

आज परिस्थिती बदलली आहे. डिश सुस्थितीत आहे, तार शाबूत आहे, वीजही आहे. तरीही संच चालत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. अशा वेळी दोष संचाच्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये असण्याचा संभव असतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो गूढ वाटतो. वास्तविक तो शोधण्याची रीत ठरलेली आहे व ती कोणत्याही चिकित्सक वृत्तीच्या माणसास शिकता येते. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या संग्राहकाच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, आधारे ती रीत समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

१. संग्राहक हा एक संगणकच

भारतात घरोघर दिसणारे साधे सेट-टॉप बॉक्स बंदिस्त स्वरूपाचे असतात. त्यांच्या निर्मात्याने जे ठरविले असेल तेवढेच काम ते करतात. युरोपात मात्र गेल्या दोन दशकांपासून अधिक काळ एक निराळा प्रकार रूढ आहे. ड्रीमबॉक्स, व्हीयू प्लस इत्यादी नावांनी विकल्या जाणाऱ्या या संग्राहकांत प्रक्रियक, स्मृती, कायम साठवणीची फ्लॅश स्मृती, यूएसबीची खाच व जाळ्याची जोडणी असे संगणकाचे सर्व अवयव असतात आणि त्यांवर लिनक्स चालते. उपग्रह प्रसारणाचे डीव्हीबी हे प्रमाण भारतातही वापरले जात असल्यामुळे असा संग्राहक येथील मुक्त प्रसारणाच्या वाहिन्याही दाखवू शकतो.

या संग्राहकाच्या आज्ञावलीचे तीन थर कल्पावेत. सर्वांत खाली लिनक्सचा गाभा व त्यास जोडलेले ड्रायव्हर असतात; ट्यूनर, चित्र व ध्वनी यांवर त्यांचे नियंत्रण असते. मधल्या थरात फाईली हाताळणे, जाळ्याशी संपर्क ठेवणे, घड्याळ सांभाळणे ही कामे करणारी साधने असतात. वरचा थर म्हणजे पडद्यावर दिसणारा मेनू, वाहिन्यांची यादी व ध्वनिचित्रमुद्रणाचे वेळापत्रक. या वरच्या थरास एनिग्मा-२ असे नाव आहे. त्याचा काही भाग सी++ व काही भाग पायथन या भाषेत लिहिलेला आहे.

हे तीन थर वेगळे ओळखता आले की अर्धे दोषनिवारण साधले. मेनू गोठला म्हणजे संपूर्ण संच बिघडला असे नव्हे. वरचा थर थांबला असला तरी खालचे दोन थर बहुधा चालू असतात, आणि दुसऱ्या संगणकावरून जाळ्याद्वारे त्यांच्याशी संपर्क साधता येतो.

२. खुल्या आज्ञावलीचा पूर्वेतिहास

या संग्राहकांचा उगम जर्मनीत झाला. तेथील किर्श उद्योगसमूहाच्या सशुल्क वाहिन्यांसाठी डी-बॉक्स-२ नावाचा संच वापरात होता. नोकिया, फिलिप्स व साजेम या कंपन्यांनी तो तयार केला होता. त्यात ६६ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक व ३२ मेगाबाइट स्मृती होती. मूळ आज्ञावली संथ असल्याची ग्राहकांची तक्रार असे. तेव्हा काही स्वयंसेवी कार्यक्रमकारांनी टक्सबॉक्स या नावाने एकत्र येऊन त्या संचावर लिनक्स चालवून दाखविले. एप्रिल २००२ मध्ये किर्शमीडिया कंपनी दिवाळखोरीत निघाली. परंतु स्वयंसेवकांची आज्ञावली खुली असल्यामुळे ते संच पुढेही कित्येक वर्षे उपयोगात राहिले. याच परंपरेतून पुढे ड्रीम मल्टिमीडिया या जर्मन कंपनीचे संग्राहक व त्यांवरील एनिग्मा ही आज्ञावली उदयास आली.

या इतिहासातून घेण्यासारखा बोध असा की, यंत्राचे आयुष्य केवळ त्याच्या निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून असू नये. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला व १९९२ मध्ये ते जीपीएल या परवान्याखाली आणले. मूळ मजकूर वाचणे, त्यात बदल करणे व बदललेली प्रत इतरांना देणे हे अधिकार या परवान्याने वापरणाऱ्यास मिळतात. ओपनपीएलआय व ओपनएटीव्ही हे गट आज याच मार्गाने अनेक कंपन्यांच्या संग्राहकांसाठी आज्ञावलीच्या आवृत्त्या तयार करून विनामूल्य देतात. संग्राहकात भरावयाच्या अशा संपूर्ण आवृत्तीस ‘इमेज’ म्हणतात. येथे एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. ट्यूनर व चित्र यांचे ड्रायव्हर बहुधा निर्मात्याने बंदच ठेवलेले असतात. त्यामुळे कोणतीही इमेज कोणत्याही संचावर चालत नाही; ज्या नमुन्यासाठी ती तयार केली असेल त्याच नमुन्यावर ती घालावी लागते.

३. प्रथम डिश, नंतर आज्ञावली

आज्ञावलीत हात घालण्यापूर्वी संकेत संचापर्यंत पोहोचतो की नाही हे पाहणे अगत्याचे आहे. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश सेवेचा उपग्रह जीसॅट-१५ हा ११ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झाला असून तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. पणजीहून तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. इंदूरहून त्याची उंची सुमारे ५७ अंश भरते. त्या दिशेत नव्याने वाढलेली झाडाची फांदी हे चित्र तुटण्याचे पुष्कळदा आढळणारे कारण आहे.

डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी हा उपग्रहाची उच्च वारंवारता खाली आणून तारेने संचाकडे पाठवितो. संचाचा ट्यूनर साधारणतः ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झ एवढ्याच टप्प्यातील संकेत घेऊ शकतो. प्रचलित ‘युनिव्हर्सल’ एलएनबीत ९,७५० व १०,६०० असे दोन आकडे असतात. उदाहरणादाखल, ११,०९० मेगाहर्ट्झच्या संकेतातून ९,७५० वजा केल्यास १,३४० उरतात व तो संकेत ट्यूनरच्या टप्प्यात बसतो. परंतु एलएनबी केवळ १०,६०० चा असेल तर बाकी ४९० उरते आणि तो संकेत टप्प्याबाहेर जातो. म्हणून एलएनबीवर छापलेला आकडा वाचून संचाच्या मेनूत नेमका तोच भरावा. या एका चुकीपायी पुष्कळ संच विनाकारण नादुरुस्त ठरविले जातात.

संच एलएनबीस १३ व्होल्ट दाब देतो तेव्हा उभ्या ध्रुवणाचे व १८ व्होल्ट देतो तेव्हा आडव्या ध्रुवणाचे संकेत मिळतात. ११,७०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यासाठी त्याच तारेतून २२ किलोहर्ट्झचा एक सूक्ष्म कंप पाठविला जातो. यावरून दोषाचे स्थान पुढीलप्रमाणे ओळखता येते :

(अ) एकही वाहिनी दिसत नसेल तर डिश, तार, जोडणी व एलएनबीचा मेनूतील आकडा तपासावा.

(आ) केवळ उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्या दिसून आडव्या दिसत नसतील तर १८ व्होल्ट दाब एलएनबीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. तारेतील ओल अथवा संचाचा वीजपुरवठा हे त्याचे कारण असू शकते.

(इ) केवळ वरच्या पट्ट्यातील वाहिन्या गेल्या असतील तर २२ किलोहर्ट्झच्या कंपाची नोंद मेनूत तपासावी.

(ई) एखाददुसरीच वाहिनी गेली असेल तर प्रसारकाने तिचे स्थान बदलले असण्याचा संभव असतो. तेथे नव्याने शोध घेणे हाच उपाय होय.

(उ) चित्र उत्तम आहे, पण मेनू अडखळतो, संच आपोआप पुन्हा सुरू होतो अथवा नोंदी पुसल्या जातात, असे असेल तर दोष आज्ञावलीत आहे.

पुढील विवेचन या शेवटच्या प्रकारासंबंधी आहे.

४. फाईलींची मांडणी

लिनक्सचा एक मोठा गुण असा की, बहुतेक सर्व नोंदी साध्या मजकुराच्या फाईलींत ठेवलेल्या असतात. एनिग्मा-२ च्या नोंदी ‘इटीसी’ या कप्प्यातील ‘एनिग्मा२’ या उपकप्प्यात सापडतात. त्यांतील मुख्य फाईली ध्यानात ठेवाव्यात.

‘लेमडीबी’ या फाईलीत संचाने शोधलेल्या सर्व वाहिन्यांची व त्यांच्या वारंवारतांची यादी असते. ‘बुके’ या नावाने आरंभ होणाऱ्या फाईलीत आवडत्या वाहिन्यांच्या गटांची सूची असते आणि प्रत्येक गटाची स्वतंत्र ‘युजरबुके’ फाईल असते. ‘सेटिंग्ज’ या फाईलीत मेनूतून केलेल्या निवडी असतात. मूळ निवडीहून वेगळी असेल तेवढीच गोष्ट तीत लिहिली जाते. ‘सॅटेलाइट्स’ या फाईलीत उपग्रह व त्यांच्या वारंवारता असतात. तिथे अंश दशांशाच्या पटीत लिहितात, म्हणजे ९३.५ अंश पूर्व हे ९३५ असे लिहिले जाते. वारंवारता किलोहर्ट्झमध्ये लिहितात. म्हणून ११,०९० मेगाहर्ट्झ ही ११०९०००० अशी दिसते. ध्रुवणासाठी आडव्यास शून्य व उभ्यास एक हा अंक ठरलेला आहे. ही फाईल मुळात ‘इटीसी’मधील ‘टक्सबॉक्स’ या उपकप्प्यात असते व नवी आवृत्ती आली की बदलली जाऊ शकते. स्वतःची सुधारलेली प्रत ‘एनिग्मा२’ उपकप्प्यात ठेवल्यास संच तीच प्रथम वाचतो.

दुसऱ्या संगणकावरून संचात प्रवेश करण्यासाठी टेलनेट अथवा एसएसएच आणि फाईलींची ने-आण करण्यासाठी एफटीपी ही साधने वापरतात. पुढील आज्ञा येथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकित कराव्यात.

येथे एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. एनिग्मा-२ चालू असताना ‘सेटिंग्ज’ अथवा ‘लेमडीबी’ फाईलीत बदल केला तर तो टिकत नाही. कारण बंद होताना आज्ञावली आपल्या स्मृतीतील जुन्या नोंदी त्या फाईलीवर पुन्हा लिहिते आणि केलेला बदल पुसला जातो. म्हणून प्रथम ‘इनिट ४’ ही आज्ञा देऊन वरचा थर थांबवावा, मग फाईल दुरुस्त करावी आणि ‘इनिट ३’ या आज्ञेने तो थर पुन्हा सुरू करावा. बदल वारंवार नाहीसा होतो अशी तक्रार असल्यास बहुधा हेच कारण निघते.

दुसरा सावधगिरीचा मुद्दा मजकूर लिहिण्याच्या साधनाचा आहे. विंडोज प्रणालीवरील साधने ओळीच्या अखेरीस एक जास्तीचे अदृश्य चिन्ह ठेवतात. ते चिन्ह लिनक्सच्या आज्ञाफाईलीत शिरले तर दिसण्यात अगदी बरोबर असलेली फाईलही चालत नाही. यासाठी लिनक्स पद्धतीच्या ओळी व यूटीएफ-८ लेखन जपणारेच साधन वापरावे.

५. गरजेनुसार फेरबदल

शाळा, वाचनालय किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहातील संचाची गरज घरच्या संचाहून वेगळी असते. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ‘स्वयंप्रभा’ या नावाने शैक्षणिक वाहिन्यांचा समूह जीसॅट-१५ वरून सुरू केला. या वाहिन्या मुक्त आहेत. शंभराहून अधिक वाहिन्यांच्या गर्दीत त्या शोधण्यात तासिकेचा वेळ जाऊ नये म्हणून त्यांचा स्वतंत्र बुके करून तो यादीच्या अग्रभागी ठेवता येतो. शेती, बातम्या, शिक्षण असे विषयवार गटही करता येतात. ही विभागणी रिमोटच्या साहाय्याने करता येते. संगणकावर केल्यास ती जलद होते.

वाहिनीच्या नावाशेजारी तिचे बोधचिन्ह दिसावे अशी सोय असते. अशा चित्रास ‘पिकॉन’ म्हणतात. प्रत्येक वाहिनीस संचात एक क्रमांकमालिका असते व तिचे भाग अपूर्णविरामांनी विभागलेले असतात. त्या विरामांच्या जागी अधोरेषा घालून चित्राच्या फाईलीस तेच नाव द्यावे लागते. नावात एक अंक चुकला तरी चित्र दिसत नाही. अक्षर न वाचणाऱ्या वृद्धांना व लहान मुलांना अशी चित्रे फार उपयोगी पडतात.

मेनूची ठेवण ‘स्किन’ नावाच्या फाईलींनी ठरते. अक्षरांचा आकार, रंग व जागा त्यांत लिहिलेल्या असतात. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतूनही वाचता यावीत म्हणून अक्षरे मोठी करणे हा एक साधा व उपकारक बदल होय. देवनागरी नावांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर त्या स्किनच्या टंकात देवनागरी अक्षरे नाहीत असे समजावे व देवनागरी असलेला टंक घालावा. तथापि केवळ टंक घातल्याने जोडाक्षरे व वेलांट्या योग्य जागी बसतीलच असे नाही, कारण अक्षरांची जुळणी हे आज्ञावलीचे स्वतंत्र काम आहे.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे. ज्या संचात घड्याळासाठी बॅटरी नसते तो वीज गेल्यानंतर १ जानेवारी १९७० या तारखेपासून सुरू होऊ शकतो, कारण लिनक्समधील कालगणनेचा आरंभ त्या दिवसापासून धरला जातो. पुढे उपग्रहाच्या संकेतातून अथवा जाळ्यावरून तो योग्य वेळ घेतो. वेळ साडेपाच तासांनी चुकत असेल तर विभाग कोलकाता असा निवडावयाचा राहिला आहे, हे उघड आहे. घड्याळ चुकले की नियोजित मुद्रणही चुकते.

६. दोषनिवारणाचा क्रम

वैद्य जसा प्रथम रोग्याची हकीकत ऐकतो, तसा संचाच्या दुरुस्तीचा आरंभ चौकशीने करावा. शेवटचा बदल कोणता केला, तो केव्हा केला व दोष त्यानंतर किती वेळाने दिसला, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. शाळेत किंवा कार्यालयात संचाशेजारी एक वही ठेवून प्रत्येक बदल तारखेसह लिहिण्याची पद्धत पाडावी. पाच जणांनी हाताळलेल्या संचात या वहीसारखा दुसरा साक्षीदार नाही.

एनिग्मा-२ अकस्मात कोलमडते तेव्हा पडद्यावर दाट मजकूर उमटतो व थोड्या वेळाने संच पुन्हा सुरू होतो. त्या मजकुरास घाबरून संच बंद करण्याची घाई करू नये. तोच मजकूर ‘एनिग्मा२ क्रॅश’ या नावाच्या नोंद फाईलीत साठविलेला असतो. काही इमेजमध्ये ही फाईल मूळ वापरकर्त्याच्या ‘लॉग्ज’ कप्प्यात व काहींत जोडलेल्या डिस्कवर सापडते. ती शेवटाकडून वाचावी. पायथनचा दोष असेल तर अखेरच्या ओळीत दोषाचा प्रकार लिहिलेला असतो आणि त्याच्या वरच्या ओळींत कोणत्या फाईलीतील कितव्या ओळीवर काम अडले ते सांगितलेले असते. फाईलीच्या मार्गात ‘प्लगइन्स’ हा शब्द व त्यापुढे एखाद्या जोडआज्ञावलीचे नाव दिसल्यास दोष तिथेच असण्याचा संभव अधिक असतो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा मूळ निर्मात्यांकडून होणारा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर एनिग्मा-२ च्या इमेज हळूहळू तिसऱ्या पिढीकडे वळल्या. जुन्या पिढीत ‘प्रिंट’ या शब्दापुढे कंस न घालता मजकूर लिहिला तरी चाले. नव्या पिढीत कंस आवश्यक झाले. परिणामी वर्षानुवर्षे उत्तम चालणाऱ्या कित्येक जुन्या जोडआज्ञावल्या नव्या इमेजवर उघडेनात. येथे संच बिघडलेला नाही व उपग्रहही बिघडलेला नाही. नोंद फाईलीची अखेरची ओळ वाचणाऱ्यास हे तत्काळ कळते. न वाचणारा मात्र डिश फिरवितो, तार बदलतो आणि शेवटी सुस्थितीतील संच अडगळीत टाकतो.

आणखी दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले कारण म्हणजे फ्लॅश स्मृती भरून जाणे. जागा उरली नाही की नव्या नोंदी अर्धवट लिहिल्या जातात व वाहिन्यांची यादी अथवा निवडी हरवतात. ‘डीएफ’ या आज्ञेने शिल्लक जागा कळते. नको असलेल्या जोडआज्ञावल्या काढून टाकाव्यात व मोठ्या फाईली यूएसबीवर ठेवाव्यात. दुसरे कारण कार्यक्रमपत्रिकेची फाईल खराब होणे हे होय. एकाएकी वीज गेल्यास ‘ईपीजी’ नावाची ही फाईल अर्धवट राहते व संच सुरू होतानाच कोलमडतो. ती फाईल काढून टाकली असता संच पूर्ववत होतो आणि पत्रिका उपग्रहावरून पुन्हा भरली जाते.

या सर्व कामात एक सूत्र पाळावे : एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले व दोष गेला तर कोणत्या बदलाने तो गेला हे कळत नाही. दोष वाढला तर कोणत्या बदलाने वाढला हेही कळत नाही.

७. प्रत ठेवणे व नवी इमेज घालणे

कोणत्याही मोठ्या बदलापूर्वी ‘एनिग्मा२’ उपकप्प्याची संपूर्ण प्रत यूएसबीवर घ्यावी व तीच प्रत दुसऱ्या संगणकावरही ठेवावी. मेनूतील प्रत घेण्याची सोय वापरली तरी चालते. मात्र प्रत संचाच्या आतच ठेवणे म्हणजे घराच्या किल्ल्या घरातच ठेवून दार लावून घेण्यासारखे आहे. प्रत घेतल्यानंतर ती उघडते की नाही हेही एकदा पाहावे.

लहानसहान सुधारणांसाठी ‘ओपीकेजी अपडेट’ व त्यानंतर ‘ओपीकेजी अपग्रेड’ या आज्ञा देण्याची पद्धत ओपनपीएलआयसारख्या इमेजमध्ये आहे. इमेजची मुख्य आवृत्ती बदलावयाची असल्यास मात्र संपूर्ण नवी इमेज घालणे श्रेयस्कर ठरते. त्या वेळी पुढील काळजी घ्यावी. संचाच्या तळाशी छापलेला नमुना व इमेजचे नाव अक्षरशः जुळवून पाहावे. अनेक नमुन्यांत इमेज यूएसबीवर ठरावीक नावाच्या कप्प्यात ठेवावी लागते. ते नाव बदलू नये. इमेज लिहिली जात असताना वीज जाता कामा नये. ज्या गावी वीज वारंवार जाते तेथे हे काम इन्व्हर्टरवरच करावे. काम आटोपल्यावर लगेच सर्व जुन्या जोडआज्ञावल्या परत घालू नयेत. प्रथम वाहिन्यांची यादी परत आणावी, एक दिवस संच चालवून पाहावा आणि नंतर एकेक जोडआज्ञावली घालावी.

८. सुरक्षितता व कायदा

अनेक इमेजमध्ये मूळ वापरकर्त्यास आरंभी परवलीचा शब्दच नसतो. असा संच कार्यालयाच्या जाळ्यास जोडणे म्हणजे दार उघडे ठेवणे होय. म्हणून सर्वप्रथम परवलीचा शब्द ठरवावा, आणि टेलनेट, एफटीपी अथवा संचाचे वेब नियंत्रण घराबाहेरील इंटरनेटवर उघडे ठेवू नये. अनोळखी ठिकाणची जोडआज्ञावली घालू नये; तिला संचातील प्रत्येक फाईल वाचण्याचा अधिकार मिळतो.

संचाची आज्ञावली खुली असली म्हणून सर्व प्रसारण खुले होत नाही. सशुल्क वाहिन्यांचे कुलूप तोडण्यासाठी या संग्राहकांचा दुरुपयोग झाल्याची उदाहरणे आहेत. भारतात प्रतिलिपी अधिकार अधिनियमात २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ६५-अ अन्वये, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण चुकविणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. शाळा व शासकीय कार्यालये यांनी मुक्त व शुल्क भरून घेतलेल्या वाहिन्याच दाखवाव्यात.

समारोप

खुल्या आज्ञावलीने वापरणाऱ्याच्या हाती किल्ली दिली आहे. निर्मात्याने दुकान बंद केले तरी संच चालू राहू शकतो, गावाच्या गरजेप्रमाणे त्याची रचना बदलता येते आणि दोष आल्यास त्याचे कारण वाचता येते. परंतु हा अधिकार शिस्तीवाचून फलदायी होत नाही. बदलापूर्वी प्रत, बदलाची नोंद, एका वेळी एकच बदल व दोष आल्यास प्रथम नोंद फाईलीचे वाचन, ही चार पथ्ये पाळली तर तंत्रज्ञाची वाट न पाहता गावातील शिक्षक किंवा दहावीतील विद्यार्थीही हा संच पूर्ववत करू शकेल. हीच पथ्ये शाळेच्या संगणकास व पंचायतीच्या दप्तरासही तितकीच लागू पडतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एलएनबीवर केवळ १०,६०० हा आकडा असल्यास ११,०९० मेगाहर्ट्झचा संकेत संचास का मिळत नाही? वजाबाकी करून दाखवा.

२. ‘सेटिंग्ज’ फाईलीत बदल करण्यापूर्वी ‘इनिट ४’ ही आज्ञा का द्यावी लागते?

३. ९३.५ अंश पूर्व हे स्थान ‘सॅटेलाइट्स’ फाईलीत कोणत्या अंकांनी लिहिले जाते?

४. एका शाळेच्या संचावर चित्र उत्तम दिसते, पण नवी इमेज घातल्यापासून एक जोडआज्ञावली उघडताच संच पुन्हा सुरू होतो. दोष शोधण्याचा क्रम लिहा.